काकासाहेबांची कीव येते तेव्हा

'कुंकू' पाहताना काकासाहेबांचा राग यायला हवा. वय झालेला विधुर वकील, घरात मोठी झालेली मुलं, आणि हा गृहस्थ लेकीपेक्षाही लहान असलेल्या नीरेशी लग्न करून मोकळा होतो. नीरेला यात फसवलं गेलंय, हे आपल्याला सुरुवातीपासून माहीत असतं. रागावण्यासारखं सगळं समोर आहे आणि राग येतोही. पण सिनेमा पुढे सरकतो तसं त्या रागात दुसरंच काहीतरी मिसळायला लागतं. या माणसाची कीव यायला लागते. ही करामत केशवराव दात्यांची. आणि ती त्यांनी करायला हवी होती का, हा प्रश्न सिनेमा पाहिल्यापासून माझ्या डोक्यातून जात नाहीये.

आधी थोडी ओळख, कारण आपल्या पिढीला हे नाव क्वचितच माहीत असतं. 'कुंकू' प्रभातचा, १९३७ सालचा. दिग्दर्शक व्ही. शांताराम. कथा ना. ह. आपट्यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवरची. हिंदीत तोच सिनेमा 'दुनिया न माने' म्हणून आला. त्याच्यावर जे काही बोललं जातं ते बहुतेक शांता आपट्यांच्या नीरेबद्दल, आणि ते बरोबरच आहे. हे लग्न आपल्याला मान्य नाही, असं सांगून नवऱ्याच्या घरात राहून त्याच्याशी लढणारी बाई तेव्हाच्या पडद्यावर सहज सापडत नव्हती. पण लढाईला समोर कुणीतरी लागतं. ते समोरचं माणूस केशवराव दात्यांनी उभं केलं.

दाते १८८९ सालचे. म्हणजे 'कुंकू'च्या वेळी पन्नाशीच्याही आतले. काकासाहेबांचं थकलेपण त्यांनी अंगावर चढवलं होतं, वयाने आयतं दिलेलं नव्हतं. ते घडले महाराष्ट्र नाटक मंडळीत. तो काळ संगीत नाटकाचा, बालगंधर्वांचा. लोक रात्र रात्र गाणी ऐकायला थिएटरात बसायचे. महाराष्ट्र नाटक मंडळी मात्र गद्य नाटकं करायची. गद्य नटाला प्रसंग पडायला लागला तर सावरायला पद नाही, वन्समोअर नाही. शब्द, आवाज आणि शरीर, एवढंच भांडवल. त्यात दात्यांनी सुरुवातीला स्त्रीभूमिका केल्या. तेव्हा ते सर्रास चालायचं. पुढे १९३३ साली 'नाट्यमन्वंतर'ने 'आंधळ्यांची शाळा' आणलं, बायकांची कामं बायकांनी करायची आणि रंगमंचावर घरातल्यासारखं बोलायचं असा आग्रह धरला, तेव्हा त्या नव्या वळणातही दाते होते. म्हणजे जुनी तालीम आणि नवी दृष्टी, दोन्ही घेऊन हा नट कॅमेऱ्यासमोर आला.

१९३४ च्या 'अमृतमंथन'मध्ये राजगुरूची भूमिका हिंदीत चंद्रमोहन यांनी केली आणि मराठीत दात्यांनी. लोकांच्या लक्षात राहिले ते चंद्रमोहन यांचे डोळे, कारण कॅमेऱ्याने ते पडदाभर दाखवले. दात्यांकडे तसं एका फ्रेममध्ये मावणारं काही नव्हतं. त्यांचा अभिनय हळूहळू चढतो. आणि म्हणूनच 'कुंकू'ला तो हवा होता.

'कुंकू'ची एक गंमत बघा. त्यात वेगळं असं पार्श्वसंगीत नाही. जे ऐकू येतं ते घरातलं, रस्त्यावरचं, घड्याळाचं. आपल्याला आज प्रसंगाखाली वाजणाऱ्या संगीताची इतकी सवय आहे की कुठे हळहळायचं हे व्हायोलिनच सांगून टाकतं. इथे ते सांगणारं कुणी नाही. काकासाहेब आरशासमोर उभं राहून मिशीला कलप लावतात, तेव्हा हसायचं की ओशाळायचं हे आपलं आपल्याला ठरवावं लागतं. दाते तो प्रसंग विनोदी करत नाहीत. कलप लावणं हे त्यांच्यासाठी कामासारखं काम आहे, गंभीरपणे करायचं. त्या गांभीर्यामुळेच ते आधी हास्यास्पद वाटतं आणि मग बघवेनासं होतं. पुढे फुटलेल्या आरशाच्या तुकड्यातुकड्यांतून त्यांचेच चेहरे त्यांच्याकडे बघतात. शांतारामांची ती आयडिया जबरदस्त आहे, पण ती चालते कारण तोवर दात्यांनी या माणसाला आतून पुरेसं तडकवून ठेवलेलं असतं. भिंतीवरच्या जुन्या घड्याळाचंही तेच. म्हातारा म्हणजे ते घड्याळ, हे रूपक अगदी उघड आहे. दुसऱ्या एखाद्या नटाबरोबर ते शाळेच्या निबंधातलं वाटलं असतं.

आता तुलना करून बघू. म्हाताऱ्या नवरदेवाची मराठी माणसाला ओळख होती ती देवलांच्या 'संगीत शारदा'पासून, १८९९ पासून. त्यातला भुजंगनाथ हा हसण्याचा विषय आहे. प्रेक्षक त्याच्या हौसेला हसतो, त्याची फजिती झाली की खूश होतो आणि घरी जातो. हसण्याचा उपयोग झाला नाही असं मी म्हणणार नाही, त्या नाटकाने समाजाला चांगलंच बोचलं. पण हसण्यात एक सोय असते. ज्याला आपण हसतो तो आपण नसतो. थिएटरात बसलेला, दुसऱ्या लग्नाचा विचार करणारा पन्नाशीचा विधुरही भुजंगनाथाला हसू शकत होता.

काकासाहेबांना तसं हसता येत नाही. ते दुष्ट नाहीत. शिकलेले आहेत, चारचौघांत मान आहे. त्यांची समाजसेवा करणारी लेक, म्हणजे शकुंतला परांजपे, नीरेच्या बाजूने बोलते तेव्हा तिचं म्हणणं त्यांना कळतं. कळतं, पण सोडवत नाही. आपण चुकलोय हे माहीत असलेला आणि तरी हक्क धरून बसलेला माणूस दाते दाखवतात. हा माणूस आपल्या घरात असू शकतो. माझ्या ओळखीच्या कितीतरी घरांत आहे. पोरीने काय शिकायचं, कुठल्या शहरात नोकरी घ्यायची, कुणाशी लग्न करायचं यावर तो अजूनही 'मी तुझ्या भल्यासाठीच सांगतोय' म्हणतो, आणि ते म्हणताना त्याचे डोळे दुसरीकडे वळलेले असतात.

इथपर्यंत मी दात्यांच्या पूर्ण बाजूने आहे. अडचण शेवटाला येते.

काकासाहेबांना शेवटी आपण केलेला अन्याय पुरता उमगतो. ते आत्महत्या करतात आणि मागे चिठ्ठी ठेवतात, नीरेने पुन्हा लग्न करावं म्हणून. १९३७ साली विधवेच्या पुनर्विवाहाची बाजू नवऱ्याच्याच तोंडी घालणं धाडसाचं होतं, यात वाद नाही. पण माझ्या एका मैत्रिणीने हा शेवट पाहून जे म्हटलं ते मला खोडता आलं नाही. ती म्हणाली, "नीरा अख्खा सिनेमा भांडते ती स्वतःचा निर्णय स्वतः घेण्यासाठी. आणि शेवटी निर्णय कोण घेतं? तोच. मरताना परवानगीसुद्धा तोच देऊन जातो."

खरं आहे. आणि दाते जितके चांगले, तितका हा घोळ मोठा. भूमिका सुमार नटाने केली असती तर आपण नीरेकडेच बघत राहिलो असतो. इथे आपण शेवटी काकासाहेबांसाठी हळहळतो. जिचं आयुष्य पणाला लागलं तिच्यापेक्षा, ज्याने ते पणाला लावलं त्याचं मन बदलणं जास्त थोर वाटायला लागतं.

दात्यांच्या इतर भूमिका या प्रश्नाच्या बाजूला ठेवून पाहिल्या की एक गोष्ट दिसते. 'अमृतमंथन'चा राजगुरू, 'कुंकू'चा नवरा, 'शेजारी'चा जिवबा पाटील, 'डॉ. कोटणीस की अमर कहानी'मधले कोटणीसांचे वडील, 'झनक झनक पायल बाजे'मधले नृत्यगुरू मंगल महाराज. ही सगळी अधिकाराची माणसं आहेत. १९३४ ते १९५५, वीसएक वर्षं, हा नट आपल्याकडच्या वडीलधाऱ्या पुरुषाची रूपं करत राहिला. त्यात 'कुंकू' आणि 'शेजारी' वेगळे, कारण तिथे अधिकार स्वतःवरच संशय घेतो. 'शेजारी'त जिवबा आणि गजानन जागीरदारांचा मिर्झा हे जिवाभावाचे दोस्त. गावात धरण होतंय, पैसेवाल्याचं कारस्थान शिजतंय, त्यात दोघांच्यात फूट पडते. दोघं पुन्हा एकत्र येतात ते धरण फुटतानाच, मरणाच्या दारात. तिथेही शहाणपण उशिरा येतं. 'झनक झनक'मध्ये तर मंगल महाराजांचा धाक कथेला बहुतांशी मान्यच आहे. रंगीत पडदा, भव्य नाच, आणि गुरूचा शब्द अंतिम.

म्हणून मला वाटतं, दात्यांच्या काकासाहेबांची कीव येऊ द्यावी. ती नाकारली तर आपण पुन्हा भुजंगनाथाला हसून घरी जाणाऱ्या प्रेक्षकासारखे होतो, आपल्यातला काकासाहेब न ओळखता. पण ती कीव म्हणजे माफी नव्हे. उशिरा आलेल्या शहाणपणाचं बिल दुसऱ्याच कुणीतरी भरलेलं असतं. जिवबाच्या बाबतीत ते दोघा मित्रांनी मिळून भरलं. काकासाहेबांच्या बाबतीत ते नीरेने भरलं, त्या घरातल्या प्रत्येक दिवसाने, चिठ्ठी लिहिली जाण्याच्या कितीतरी आधीपासून.

फोनवर पाहणार असाल तर इअरफोन लावून पाहा, ते घड्याळ नीट ऐकू यायला हवं. आणि काकासाहेब दुःखात बुडालेले असताना, दाते सगळं लक्ष स्वतःकडे खेचून घेत असताना, एकदा मुद्दाम नजर वळवून नीरा कुठे आहे ते बघा.