गुळगुळीत मराठी

‘पंढरीची वारी ही केवळ परंपरा नसून ती श्रद्धा, समता आणि एकात्मतेचा जिवंत उत्सव आहे.’ कृत्रिम बुद्धिमत्तेकडे वारीवर लेख मागितला की सुरुवात साधारण अशी होते. वारी काढून तिथे गणेशोत्सव घाला, गावची जत्रा घाला. वाक्याला ढिम्म फरक पडत नाही. यंत्राचं लेखन ओळखायची मला तरी हीच खूण भरवशाची वाटते. माउलींच्या पालखीचा रथ दिवे घाट चढताना त्याला जादा बैलजोड्या जोडाव्या लागतात, हे वाक्य मात्र गणेशोत्सवाच्या लेखात घालून दाखवा!

नुसत्या शब्दांवरून चोर पकडायची पद्धत इंग्रजीत रुळली आहे. चॅटजीपीटी ३० नोव्हेंबर २०२२ला लोकांसमोर आलं आणि ‘डेल्व्ह’सारखे शब्द शोधनिबंधांत एकदम बोकाळले. वैद्यकीय शोधनिबंधांचे लाखो सारांश तपासून जर्मनीतल्या संशोधकांनी २०२४च्या निदान दहा टक्के सारांशांना यंत्राचा हात लागल्याचा अंदाज काढला. एवढ्या ढिगाऱ्यात शब्द मोजणं कामाचं ठरतं, पण हातातल्या एका लेखाचा निकाल त्यावरून लावता येत नाही. शिवाय अशा शब्दांच्या याद्या लवकर शिळ्या होतात.

मराठीत तर ही यादी यंत्राची म्हणताच येत नाही. ‘आजच्या धावपळीच्या युगात’, ‘मोलाची भूमिका बजावते’, ‘च्या माध्यमातून’ हे सगळं आपण आधीच लिहून ठेवलं होतं: परिपत्रकांत, सत्काराच्या भाषणांत, दहावीच्या निबंधाच्या गाइडांत. यंत्राने ते उचललं आणि आपल्यालाच परत वाढलं.

शब्दांपेक्षा वाक्यांची घडण बघावी. आधी कुणीच न केलेला दावा खोडायचा, मग आपला मांडायचा. विशेषणं तीन-तीनच्या जुडीने आणायची. परिच्छेद संपताना सुविचार चिकटवायचा. आणि कर्ता म्हणून माणूस टाळायचा: ‘ही घटना आपल्याला आठवण करून देते’, ‘हा प्रवास आपल्याला शिकवतो’. कोण शिकलं, काय शिकलं, याचा पत्ता नाही. मला सगळ्यात जास्त खटकतं ते निपातांचं दुर्भिक्ष. ‘तो आला’, ‘तो आलाच’, ‘तोही आला’, ‘तो आला खरा’ यांत बातमी एकच, पण सांगणाऱ्याचं मन दर वेळी वेगळं. मराठी गद्यात लेखकाचा राग, कौतुक, संशय या एक-दोन अक्षरांत बसलेला असतो. यंत्राला ही अक्षरं व्याकरणापुरती येतात. पण त्याच्या लेखात पानभर वाचलं तरी कुणी ‘च’वर जोर देऊन काही ठासून सांगत नाही.

याचं एक कारण त्याच्या शिकवणीत आहे. दोन उत्तरं माणसांपुढे ठेवायची, त्यांना आवडेल त्या उत्तराकडे यंत्राला वळवायचं, अशी ही शिकवणी. तिच्यात कुणालाच न टोचणारं गद्य पुढे सरकतं. दुसरं कारण मराठीपुरतं: शिकायला मिळालेला मराठी मजकूर इंग्रजीच्या मानाने फारच थोडा, त्यामुळे वाक्याचा सांगाडा बरेचदा इंग्रजीच राहतो. इंग्रजी वळण हाच दोष म्हणावा, तर विष्णुशास्त्री चिपळूणकरही त्यातून सुटणार नाहीत. १८७४ला ‘निबंधमाला’ सुरू करणाऱ्या शास्त्रीबुवांवर इंग्रज निबंधकार मेकॉलेचा प्रभाव होताच. पण त्यांच्या पल्लेदार वाक्यांत त्यांचा संताप होता, हट्ट होता, आणि समोर प्रतिपक्षही होता. उसनं वळण त्या जोरावर मराठीत मुरलं.

या खुणा हाती आल्या म्हणून कुणाही लेखकावर शिक्का मारायची घाई मात्र करू नये. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयने यंत्राचं लेखन ओळखणारं स्वतःचंच साधन जुलै २०२३मध्ये, पुरेसं अचूक नाही म्हणून मागे घेतलं. त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या संशोधकांनी दाखवलं की इंग्रजी मातृभाषा नसलेल्या विद्यार्थ्यांचे सरासरी निम्म्याहून अधिक निबंध अशी साधनं यंत्राच्या नावावर घालतात. गाइड पाठ करून ‘केवळ नसून’ शिकलेला आपल्याकडचा विद्यार्थी याच फेऱ्यात सापडेल. त्याच्यावर संशय आलाच, तर शिक्षकाने निबंधातल्या एखाद्या वाक्यावर बोट ठेवून त्याला विचारावं: हे तू कुठे पाहिलंस, कुणाकडून ऐकलंस, पुढे काय झालं? आणि त्याचं उत्तर निबंधापेक्षा रसाळ निघालं, तर तेच त्याला लिहायला सांगावं.