आठ बाइटांचा प्रश्न

०१ ०३ ०० ०० ०० ०२ सी४ ०बी.

कारखान्यातल्या पॅनेलमागून जाणाऱ्या दोन तारांवरचा हा एक प्रश्न आहे. सोळाच्या पायावर लिहिलेले आठ बाइट. मास्टर, म्हणजे यंत्रे चालवणारा पीएलसी किंवा त्यांच्यावर नजर ठेवणाऱ्या स्काडाचा संगणक, एक नंबरच्या वीजमीटरला विचारतो आहे: तुझ्या पहिल्या दोन रजिस्टरांत, म्हणजे दोन-दोन बाइटांच्या कप्प्यांत, काय आहे? मॉडिकॉन या अमेरिकी कंपनीने १९७९ साली आपल्या पीएलसींसाठी प्रश्न विचारण्याची ही मॉडबस पद्धत आणली आणि ती सर्वांसाठी खुली ठेवली. आज मीटर, ड्राइव्ह, तापमान नियंत्रक, जनरेटरचे पॅनेल, कोणत्याही कंपनीचे असोत, ही भाषा त्यांतल्या बहुतेकांना येते. एवढ्या वापरातली ही फ्रेम, म्हणजे आठ बाइटांचा हा संदेश, सहसा कोणी निवांत वाचत नाही. संपर्क तुटला तरच तिच्याकडे लक्ष जाते. ती सवडीने वाचावी अशी रचना आहे.

पहिला बाइट पत्त्याचा. या दोन तारांची जोडणी आरएस-४८५ ची; तिच्या मूळ हिशेबाने एका केबलवर ३२ उपकरणे बसतात आणि केबल १२०० मीटरपर्यंत नेता येते. तिच्यावर सगळ्यांना सगळे ऐकू येते, म्हणून ज्याला विचारायचे त्याचा नंबर आधी. १ ते २४७ हे नंबर उपकरणांचे. शून्य म्हणजे सर्वांना उद्देशून, आणि त्या हुकमाला कोणीच उत्तर द्यायचे नाही, नाहीतर सगळे एकदम बोलतील. आता गंमत पाहा: विचारणाऱ्याचा पत्ता फ्रेममध्ये कुठेच नाही. मास्टर एकच असतो आणि आपणहून बोलण्याचा अधिकार फक्त त्याचा, तेव्हा उत्तर कोणाला द्यायचे हे सांगायची गरजच उरत नाही. जे गृहीत धरता येते ते लिहायचे नाही, ही शिस्त इथूनच सुरू होते.

दुसरा बाइट कामाचा: ०३, होल्डिंग रजिस्टर वाच. या कामांच्या यादीत ०१ म्हणजे ‘कॉइल वाच’. पीएलसी जन्माला आला तो रिलेंनी भरलेली कपाटे हटवण्यासाठी; रिले गेले, पण एका बिटाच्या माहितीला आजही त्यांच्या कॉइलचेच नाव आहे. पुढचे चार बाइट सरळ आहेत: कुठून, आणि किती.

शेवटचे दोन बाइट सीआरसीचे. आधीच्या सहा बाइटांवर गणित करून ही संख्या काढतात, आणि सलग १६ बिटांच्या टप्प्यातली कोणतीही गडबड ती हमखास पकडते. शेजारच्या ट्रेमधून मोटरची पॉवर केबल जात असेल तर हा पहारा किती मोलाचा ते पॅनेलवाल्यांना सांगायला नको. एक वैगुण्य मात्र खटकते. बाकी फ्रेममध्ये मोठा बाइट आधी जातो, सीआरसीत लहान. संख्या आहे ०बीसी४ आणि तारेवर दिसते सी४ ०बी.

या रचनेतली मला सर्वांत आवडणारी जागा त्या आठ बाइटांच्या बाहेर आहे. फ्रेम सुरू झाली, फ्रेम संपली, हे सांगणारी खूणच नाही. असणार कशी? ०० पासून एफएफपर्यंत कोणताही बाइट माहितीचा असू शकतो, मग खुणेसाठी राखून ठेवायचा कोणता? म्हणून शांततेलाच विराम मानले आहे. साडेतीन अक्षरांएवढा वेळ तारेवर काही आले नाही की फ्रेम संपली. ९६०० च्या वेगाला हा वेळ साधारण ४ मिलिसेकंद. एकही बाइट न खर्चता विरामचिन्ह मिळाले.

उत्तरातही तोच घाट. ०१ ०३ ०४ ४३ ६६ ०० ००, आणि मागे सीआरसी. मी एक नंबर, काम तेच, चार बाइट देतो आहे, हे घ्या. मागितलेले रजिस्टर नसेल तर ०३ चे ८३ होते, म्हणजे त्याच बाइटाचा सर्वांत वरचा बिट चढतो, आणि पुढे कारणाचा आकडा येतो. नकारसुद्धा कारणासकट. सीआरसी जुळली नाही तर उपकरण गप्प राहते, कारण ऐकलेलेच धड नसेल तर पत्ता तरी आपलाच होता कशावरून? आणि ०६ ने एखादे रजिस्टर लिहायला सांगितले तर उपकरण तीच फ्रेम जशीच्या तशी परत पाठवते. काय ऐकले आणि काय केले, दोन्हीची पावती एकाच फ्रेममध्ये.

आता त्या चार बाइटांकडे वळू. ४३ ६६ ०० ०० हा दशांश अपूर्णांकांच्या प्रचलित ३२ बिटांच्या पद्धतीने वाचला तर २३० निघतो. पण हे २३० व्होल्ट, की आणखी काही? फ्रेम सांगत नाही. त्याहून अवघड गोष्ट अशी की दोन रजिस्टरांत मोठा शब्द, म्हणजे वरचे दोन बाइट, आधी की लहान, हे मॉडबसने ठरवूनच दिलेले नाही. एका कंपनीचे मीटर काढून तिथे दुसरे बसवले की हा प्रसंग हमखास येतो: मीटरच्या तोंडावर २३० दिसते आहे, सीआरसी जुळते आहे, स्काडावर शून्य. ०० ०० ४३ ६६ असा उलटा वाचला तर हाच आकडा इतका सूक्ष्म होतो की पडद्यावर शून्यच दिसतो. संदेश अक्षर न् अक्षर पोचला आणि अर्थ वाटेत राहिला.

पुढे आलेल्या ओपीसी यूए या पद्धतीने हाच अर्थ मनावर घेतला. तिच्यात मूल्याबरोबर त्याचा प्रकार, वेळ आणि विश्वासार्हता पाठवण्याची सोय आहे. नाव, एकक आणि मर्यादाही उपकरणालाच विचारता येतात. शिवाय ओळख पटवून घेण्याची आणि संदेश गुप्त ठेवण्याचीही सोय आहे. मॉडबसच्या या मूळ रूपात कुलूपच नाही. तारेपर्यंत पोचलेला कोणीही रजिस्टर लिहू शकतो, आणि हे मोठे उणेपण आहे. तरी आकडा एका उपकरणातून दुसऱ्यात सुखरूप नेण्याचे काम इतक्या थोडक्यात करणारी दुसरी रचना माझ्या पाहण्यात नाही.

फ्रेमने जे अध्याहृत ठेवले ते सांगणारा कागद म्हणजे रजिस्टर मॅप. मीटर बनवणाऱ्यांना म्हणूनच विनंती आहे: प्रत्येक रजिस्टरपुढे एकक छापा, गुणक छापा, शब्दांचा क्रम छापा, आणि कागदावरचा रजिस्टर क्रमांक ४०००१ म्हणजे तारेवरचा शून्य की एक तेही स्पष्ट लिहा. त्याखाली एक खरा प्रश्न आणि त्याचे खरे उत्तर, बाइटांसकट, उदाहरण म्हणून द्या.