गंगाधरपंत इंग्रजीतून भेटतात तेव्हा

संध्याकाळी धारवाडच्या सप्तापूर भागातल्या रस्त्यांवर शिकवणीच्या मुलांची गर्दी उसळते. परवा त्या गर्दीतून घरी आलेल्या भाचीने विचारले, "मामा, पानिपतात मराठे जिंकले असते तर काय झालं असतं, असा धडा आहे आम्हाला. वाचलाय तुम्ही?" धडा सीबीएसईच्या अकरावीच्या इंग्रजी पुस्तकातला, 'द ॲडव्हेंचर'. ही जयंत नारळीकरांची 'गंगाधरपंतांचे पानिपत', आपल्या मराठीतली गोष्ट, असे सांगितले तरी तिला खरे वाटेना. कर्नाटकात राहणाऱ्या मराठी घराला अशा चुटपुटीची सवय असते. ही मात्र जास्त लागली.

कारण मराठी विज्ञानकथेचे खरे बळ याच कथेत दिसते. पानिपतात विश्वासरावांना लागलेली गोळी दुसऱ्या एका विश्वात चुकते आणि इतिहास वेगळ्या वाटेने जातो. पुंजभौतिकीतली अनिश्चितता नारळीकरांनी थेट मराठी मनाच्या सर्वांत जुन्या जखमेवर आणून ठेवली. 'उजव्या सोंडेचा गणपती'तही तेच. मोबियसच्या पट्टीवरून फिरवून आणले तर उजव्या हाताचा सपाट आकार डाव्या हाताचा होतो. गणिताची ही गंमत त्यांनी गणपती आणि क्रिकेट या आपल्या दोन दैवतांना जोडून सांगितली. ही कल्पना दुसऱ्या कुठल्या भाषेत सुचलीच नसती.

दोषही इथलाच. गोष्ट रंगात येते आणि कुणी जाणकार मित्र सिद्धांत उलगडायला बसतो. याचे मूळ सुरुवातीतच आहे. १९७४ साली विज्ञानप्रसार करणाऱ्या मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत नारळीकरांनी आपली आद्याक्षरे उलटी करून, नारायण विनायक जगताप या नावाने 'कृष्णविवर' पाठवली आणि बक्षीस मिळवले. विज्ञानप्रसाराच्या अंगणात वाढलेल्या कथेला शिकवण्याची सवय लागली. नारळीकरांना ती पेलली, कारण त्यांना सांगण्याचा आनंद होता. मागून आलेल्या कितीतरी कथांत फक्त फळा आणि खडू उरला. लक्ष्मण लोंढे, सुबोध जावडेकर, शुभदा गोगटे यांनी विज्ञानापेक्षा माणसाकडे अधिक पाहिले, म्हणून त्यांच्याकडे मी पुन्हा पुन्हा वळतो.

मराठी विज्ञानसिनेमाची बाजू मात्र लंगडी आहे. सुजय डहाकेंनी २०१६ मध्ये 'फुंतरू' केला, ते धाडसच होते. पण ती वाट पुढे रुळली नाही. पैसा नाही, हे कारण मला पटत नाही. २०१९ च्या मल्याळम 'अँड्रॉइड कुंजप्पन'मध्ये आहे काय? परदेशी गेलेला मुलगा, गावातला हट्टी म्हातारा बाप आणि त्याच्या सोबतीला ठेवलेला एक यंत्रमानव. असे आईबाप पुण्यात, कोल्हापुरात, आमच्या धारवाडात गल्लोगल्ली आहेत. ही गोष्ट आपल्या दारात उभी होती. सिनेमा मल्याळी माणसांनी केला.

नारळीकर २० मे २०२५ रोजी गेले. त्यांच्या पुष्कळ कथांना दोन-तीन खोल्या, चार माणसे आणि चांगले संवाद पुरतील. मराठी दिग्दर्शकांना माझी कळकळीची विनंती आहे: 'गंगाधरपंत' हाती घ्या, आणि पडद्यावर समजावून सांगणाऱ्या त्या मित्राला तेवढे कमी बोलू द्या.