एका शेतकऱ्याचे रक्त : ट्रिपॅनोसोमा इव्हान्सीविषयक संशोधनाचे चिकित्सक वाचन

प्राणिशास्त्राच्या पदवी वर्गात ट्रिपॅनोसोमा हा परजीवी शिकविताना आपण बहुधा थेट आफ्रिका खंडात जातो. त्सेत्से माशी, निद्रारोग आणि ट्रिपॅनोसोमा गॅम्बियन्सेचे जीवनचक्र ही ठरलेली वाट. त्याच कुळातील ट्रिपॅनोसोमा इव्हान्सी हा जनावरांच्या ‘सर्रा’ रोगाचा कारक म्हणून एका ओळीत उरकला जातो. वस्तुतः ग्रिफिथ इव्हान्स यांनी १८८० मध्ये डेरा इस्माईल खान (आता पाकिस्तानात) येथे घोडे व उंट यांच्या रक्तात तो पाहिला, आणि सस्तन प्राण्यांत रोग निर्माण करणारा तो पहिला ज्ञात ट्रिपॅनोसोम ठरला. निद्रारोगाच्या कारकाचा शोध नंतरचा आहे. हा परजीवी माणसाला होत नाही, असे विधान पाठ्यपुस्तकांत दीर्घकाळ निःशंकपणे केले गेले. ते विधान चंद्रपूर जिल्ह्यातील एका शेतकऱ्याच्या रक्ताने खोटे ठरविले. त्यानंतरच्या संशोधनाने या घटनेचा जो अर्थ लावला, त्याची तपासणी करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम या जीवाच्या वेगळेपणाविषयी. ट्रिपॅनोसोमाच्या एकमेव तंतुकणिकेत कायनेटोप्लास्ट नावाचा डीएनएचा पुंजका असतो. त्यातील मोठ्या वर्तुळांवर श्वसनसाखळीच्या प्रथिनांची माहिती असते. माशीच्या आतड्यात जगण्यासाठी ती आवश्यक ठरते, कारण तेथे रक्तातील ग्लुकोज मिळत नाही. इव्हान्सीने ही मोठी वर्तुळे गमावली आहेत. परिणामी त्सेत्से माशीत त्याची वाढ होऊच शकत नाही. तो सस्तन प्राण्याच्या रक्तातील अवस्थेतच अडकून पडला आहे. परंतु हीच उणीव त्याच्या पथ्यावर पडली. माशीत वाढण्याची गरज उरली नाही, तेव्हा गोमाशीच्या रक्ताने माखलेल्या सोंडेवरून तो एका जनावराकडून दुसऱ्याकडे जाऊ लागला आणि आफ्रिकेबाहेर आशिया व दक्षिण अमेरिकेपर्यंत पसरला. त्सेत्से माशीचे जीवनचक्र फळ्यावर काढून ट्रिपॅनोसोमा ‘संपविणारा’ शिक्षक विद्यार्थ्यांना नेमकी ही गोष्ट सांगत नाही.

आता मूळ प्रकरणाकडे वळू. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातील पी. पी. जोशी व त्यांच्या सहकाऱ्यांचा निबंध २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. निबंधातील लेखनानुसार सिओनी हे रुग्णाचे गाव. त्याला पाच महिने चढउताराचा ताप येत होता आणि रक्तातील परजीवींची संख्याही त्याबरोबर कमीजास्त होत होती. हा चढउतार ट्रिपॅनोसोमाच्या स्वभावास धरूनच आहे. शरीराने प्रतिपिंडे तयार करावीत, तोवर काही परजीवींनी आपले पृष्ठभागावरील प्रथिनकवच बदललेले असावे, अशी ती झटापट असते. मज्जासंस्थेत परजीवी शिरल्याचे आढळले नाही आणि रुग्णावर सुरामिन या औषधाचे उपचार करण्यात आले. निबंध संयत आहे. रूपशास्त्रीय, रक्तरसशास्त्रीय आणि रेणवीय असे तिन्ही पुरावे एकत्र आणण्याची त्याची पद्धत अनुकरणीय आहे.

२००६ मध्ये ब्रुसेल्स येथील एतिएन पेस यांच्या गटाने नागपूरच्या संशोधकांसह याचे कारण दिले. मानवी रक्तरसात अपोलिपोप्रोटीन एल-१ हे प्रथिन असते. ते परजीवीच्या आत जाऊन त्याच्या पटलांना छिद्रे पाडते व त्यास नष्ट करते. या शेतकऱ्याच्या संबंधित जनुकाच्या दोन्ही प्रती सदोष होत्या आणि प्रथिन तयारच होत नव्हते. त्याच्या रक्तरसात ते प्रथिन बाहेरून मिसळताच परजीवीनाशक शक्ती परत आली. हा प्रयोग निर्णायक आणि सुंदर आहे, याबद्दल दुमत नसावे. येथे परजीवी सामर्थ्यवान झाला नव्हता, यजमान निःशस्त्र होता. पूर्व आफ्रिकेतील ऱ्होडेसियन्से मात्र या प्रथिनाला निष्प्रभ करणारे स्वतःचे प्रथिन बाळगतो.

अडचण येथूनच सुरू होते. निबंधाच्या शीर्षकात संसर्गाचा या अभावाशी ‘संबंध’ असल्याचेच म्हटले होते. पुढे उद्धृत होता होता तो संबंध ‘कारण’ झाला, आणि शेवटी ‘एकमेव कारण’ झाला. जनुकीय अपवाद सापडला, म्हणून प्रकरण संपले अशी सोयीची समजूत रूढ झाली.

त्याच सुमारास त्याच गावातील १८०६ व्यक्तींची प्रतिपिंड-तपासणी झाली. संपूर्ण रक्तावरील कार्ड-चाचणीत ४१०, म्हणजे २२.७ टक्के, व्यक्ती होकारात्मक आल्या. रक्तरसाच्या अधिक काटेकोर चाचणीत केवळ ८१ उरल्या. आणि परजीवी कोणाच्याही रक्तात दिसला नाही. हा आकडा दोन परस्परविरोधी प्रकारे वापरला जातो. काहींच्या लेखी गावातील पाचवा हिस्सा बाधित, तर काहींच्या लेखी शून्य परजीवी म्हणजे शून्य धोका. दोन्ही वाचने घाईची आहेत. चाचणी कडक करताच चारशेंचे ऐंशी होतात, याचा अर्थ पहिल्या आकड्यात बरीच भेसळ होती. परंतु उरलेल्या ऐंशींना केवळ योगायोग म्हणता येत नाही. त्या लोकांचा परजीवीशी संपर्क येत असावा आणि शरीर त्याला परतवीत असावे, हे अनुमान प्रस्तुत लेखकास अधिक संभाव्य वाटते.

व्हिएतनाममधील महिलेचे प्रकरण २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले आणि रूढ समजुतीला धक्का बसला. तिच्या जनुकाच्या दोन्ही प्रती निर्दोष होत्या, प्रथिनाचे प्रमाणही सामान्य होते, तरीही इव्हान्सीचा संसर्ग सिद्ध झाला. म्हणजे चंद्रपूरच्या शेतकऱ्याचे स्पष्टीकरण त्या शेतकऱ्यापुरते खरे होते. भिंत एका ठिकाणी का पडली ते आपणास कळले. ती इतरत्र अभेद्य आहे असे मात्र त्यातून सिद्ध झाले नव्हते.

एक बाब नमूद केल्यावाचून राहवत नाही. २०१२ मध्ये संशोधक पुन्हा त्याच गावाकडे वळले; पण सर्रासाठी नव्हे. याच प्रथिनाचे काही प्रकार आफ्रिकी वंशाच्या अमेरिकनांतील मूत्रपिंडविकाराशी निगडित आढळले होते आणि प्रथिन मुळीच नसलेल्या माणसाचे मूत्रपिंड कसे असते, हे पाहायचे होते. प्रश्न शास्त्रीयदृष्ट्या रास्तच होता. तरी या साऱ्या लेखनाच्या केंद्रस्थानी रक्ताचा नमुना आहे. ज्या गोठ्यातून परजीवी आला असावा, तो गोठा परिघावर राहिला.

पिंपळनेर परिसरात बैल, म्हशी आणि ठेलारी मेंढपाळांची घोडी एकाच पाणवठ्यावर येतात. सारंगखेड्याच्या यात्रेत दूरदूरचे घोडे एकत्र जमतात. घोडा, उंट व कुत्रा यांत सर्रा तीव्र होतो, तर गाई-म्हशींत तो पुष्कळदा लक्षणांवाचून दडून राहतो, आणि गोमाशा पावसाळ्यात व त्यानंतरच वाढतात. आपल्या महाविद्यालयांतील ट्रिपॅनोसोमाची स्लाइड बहुधा विकत आणलेली, आफ्रिकी जातीची असते. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात ताप असलेल्या जनावराच्या कानाच्या शिरेतून पशुवैद्यकाने घेतलेल्या रक्ताच्या थेंबाचा पातळ लेप काढणे, तो गिम्साने रंगविणे आणि तेलभिंगाखाली दोन-तीनशे क्षेत्रे चिकाटीने पाहणे, हे तृतीय वर्षाच्या विद्यार्थ्याच्या आवाक्यातील काम आहे. बहुतेक लेपांत काहीही दिसणार नाही. तीही नोंदवहीत तारखेसह लिहावयाची गोष्ट आहे.