विधेय कोठे दडते?

ज्याविषयी बोलावयाचे ते उद्देश्य आणि त्याविषयी जे बोलावयाचे ते विधेय, असे आम्ही शाळेत शिकलो. गुरुजी फळ्यावर उभी रेघ ओढीत; डावीकडे ‘राम’, उजवीकडे ‘शाळेत गेला’. या रेघेने पुष्कळ घोटाळा केला, असे आमचे मत आहे.

‘शाळेत कोण गेला?’ या प्रश्नास ‘राम शाळेत गेला’ असे उत्तर दिले, तर नवे सांगितले ते ‘राम’ एवढेच. कोणी तरी शाळेत गेले, हे विचारणाऱ्यास ठाऊकच होते. म्हणजे विधेय रेघेच्या डावीकडे आले! बोलताना आपण ‘रामच’ म्हणून हे सुचवितो; पण त्या ‘च’ची व्याकरणात शुद्ध शब्दयोगी अव्यय म्हणून एका ओळीत बोळवण होते.

तर्कशास्त्राची वाट निराळी. जर्मन तर्कज्ञ फ्रेग यांनी १८७९ साली आपल्या चिन्हलिपीतून उद्देश्य-विधेय हा भेदच वगळला. ‘अब्दालीने मराठ्यांना पानिपतावर हरविले’ आणि ‘मराठे पानिपतावर अब्दालीकडून हरले’ या वाक्यांची उद्देश्ये भिन्न. परंतु एकातून जी अनुमाने निघतात तीच दुसऱ्यातूनही निघतात. तर्कास तेवढे पुरते. ऐकणाऱ्यास मात्र पुरत नाही.

ऐकणाऱ्याची ही बाजू आपल्याकडे साहित्यशास्त्राने सांभाळली. ‘विधेय’ म्हणजे ज्याचे विधान करावयाचे ते. मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’त अविमृष्टविधेयांश नावाचा दोष सांगितला आहे. जे ठासून सांगावयाचे तेच समासात किंवा विशेषणात गौण होऊन बसते, तेव्हा हा दोष घडतो. ‘तुटलेल्या पुलावरून गाडी निघाली’ असे कोणी सांगितले, तर ‘अहो, पूल तुटला हे आधी सांगा!’ असेच आपण म्हणू. दोष काव्याचा म्हणून सांगितला. आमच्या मते तो गद्यात अधिक घातक आहे.

आपल्या मंडळांतील पुस्तक-परीक्षणेच पाहावीत. ‘प्रतिभासंपन्न कवीच्या अक्षर कवितांचा हा देखणा संग्रह नुकताच प्रसिद्ध झाला आहे.’ या वाक्याचे व्याकरणातील विधेय ‘प्रसिद्ध झाला आहे’ एवढेच, आणि त्याबद्दल कोणाचाच वाद नाही. प्रतिभा आहे काय, कविता टिकतील काय, हे खरे वादाचे प्रश्न. ते विशेषणे होऊन मागच्या दाराने आत आले. परीक्षकाने काहीही सिद्ध केले नाही, आणि आपण त्यास हटकलेही नाही. न्यायशास्त्राच्या भाषेत, जे साध्य ते सिद्ध म्हणून मांडले गेले.

परीक्षकांस बोल लावण्याचा आम्हांस फारसा अधिकार नाही. नोकरीत असताना आमच्या टेबलावर एक नस्ती आली. विषय होता ‘शासकीय भूमीवरील अतिक्रामकास बेदखल करण्याबाबत’. कारभार हिंदीतून चाले; परंतु उद्देश्य-विधेय तेथेही तेच, आणि समासांची हौसही तीच. खालून वर तीन टिपा चढल्या होत्या. सूचना किती दिवसांची द्यावी, पोलीस बंदोबस्त मागवावा काय, खर्च कोणत्या मदात टाकावा, या सर्वांचा ऊहापोह त्यांत होता. तो मनुष्य अतिक्रामक आहे, असे वाक्य मात्र कोणीच लिहिले नव्हते. ‘अतिक्रामक आहे’ असे लिहिले असते, तर कोणी तरी ‘कशावरून?’ असे समासात विचारले असते. शब्द विषयाच्या ओळीत होता, म्हणून तो सर्वांनी गृहीत धरला. आम्हीही धरला आणि सही केली.

सुनावणीच्या दिवशी म्हातारा धोतराच्या सोग्यातून घडी घातलेला कागद काढून उभा राहिला. पट्टा त्याच्या वडिलांच्या नावाचा होता, आणि खरा होता. नोटीस मागे घ्यावी लागली. नस्ती बंद करताना आम्ही विषयाची ओळ पुन्हा वाचली. त्या ओळीत तो शेवटपर्यंत अतिक्रामकच राहिला होता.