नाण्यावरील आद्याक्षरें व आराखडाकाराचें श्रेय

नाणें हें इतिहासाचें अस्सल साधन होय, हें आमच्या वाचकांस नव्यानें सांगावयास नको. पोथी हातीं आली कीं आपण प्रथम तिचें शेवटचें पान पाहतों. ग्रंथ कोणाचा, नक्कल कोणाची, शक कोणता, हें तेथील पुष्पिकेवरून कळतें. नाण्यास अशी पुष्पिका क्वचित् असते. राज्याचें नांव, सन व टांकसाळीची खूण एवढें त्यावर मिळतें. ज्या कलावंतानें आराखडा रेखाटला त्याचें नांव बहुधा मिळत नाहीं. नित्याच्या नाण्यांविषयीं ही उणीव सोसतां येईल. परंतु थोर पुरुषाच्या अथवा प्रसंगाच्या स्मरणार्थ पाडून व्यवहारांत सोडलेल्या नाण्यांत ती आम्हांस अक्षम्य वाटते. स्मरण ठेवणें हेंच ज्याचें प्रयोजन, त्यानेंच आपल्या कर्त्यास विसरावें, हें विपरीत होय.

या बाबतींत अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांचा अनुभव बोधप्रद आहे. अब्राहाम लिंकन यांच्या जन्मशताब्दीनिमित्त इ. स. १९०९ च्या ऑगस्टांत एक सेंटचें नवें नाणें निघालें. त्यावरील मुखाकृति व्हिक्टर डेव्हिड ब्रेनर या शिल्पकाराची. मागील बाजूस तळाशीं 'व्ही. डी. बी.' हीं त्याचीं आद्याक्षरें होतीं. तीं फार ठळक आहेत अशी ओरड झाली व थोड्याच दिवसांत कोषमंत्र्याच्या आज्ञेनें तीं काढण्यांत आलीं. नुसतें 'बी' ठेवावें असाही विचार निघाला. पण मुख्य ठसेकार चार्ल्स बार्बर यांनीं हरकत घेतली, कारण त्यांच्या स्वतःच्या नाण्यांवर तेंच अक्षर होतें. एकाचें काम दुसऱ्याच्या नांवावर पडण्याचा धोका त्यांनीं नेमका ओळखला. १९१८ मध्यें तीं तीन अक्षरें लिंकन यांच्या खांद्यावर बारीक रूपांत परत आलीं. सॅन फ्रान्सिस्को येथील टांकसाळीनें पाडलेलीं ४,८४,००० आद्याक्षरयुक्त नाणीं आज संग्राहक मोठ्या किंमतीस घेतात. अधिकाऱ्यांनीं जें पुसावयाचें ठरविलें, तेंच संग्राहकांनीं सर्वांत अधिक जपलें!

१९४६ सालीं रूझवेल्ट यांच्या स्मरणार्थ दहा सेंटचें नाणें निघालें. त्यावरील 'जे. एस.' हीं अक्षरें मुख्य ठसेकार जॉन सिन्नॉक यांचीं. कांहीं संशयी मंडळींनीं तीं जोसेफ स्टालिनचीं ठरविलीं! तो विनोद सोडून देऊं. त्याहून गंभीर वाद असा कीं, सेल्मा बर्क या शिल्पकर्त्रीनें ही मुखाकृति आपल्या १९४५ च्या शिल्पफलकावरून घेतल्याचें म्हटलें व सिन्नॉक यांनीं तें नाकारलें. यावरून एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. आद्याक्षर हा निर्णायक पुरावा नव्हे, तो दावा होय. पण दावा लिहिलेला असला तरच त्याची छाननी करतां येते. कोऱ्या नाण्याशीं वाद कसा घालावा?

१९७६ च्या स्वातंत्र्य-द्विशताब्दीच्या वेळीं त्या देशानें आराखड्यांसाठीं खुली स्पर्धा लाविली. नगारेवाल्याच्या पाव डॉलरवर जॅक एल. आर या बाहेरच्या कलावंताचीं 'जे. एल. ए.' अक्षरें उमटलीं. तें योग्यच झालें. परंतु १९९९ ते २००८ या काळांत पन्नास घटकराज्यांच्या गौरवार्थ पाव डॉलरचीं नाणीं निघालीं, तेव्हां हा न्याय सुटला. मिसूरीच्या २००३ च्या नाण्याचा मूळ आराखडा पॉल जॅक्सन या चित्रकाराचा. टांकसाळींत त्यांत पुष्कळ फेरफार झाले व जॅक्सन यांनीं जाहीर निषेध केला. प्रत्यक्ष नाण्यावर अक्षरें आलीं तीं टांकसाळीचे शिल्पकार आल्फ्रेड मॅलेट्स्की यांचीं. आमच्या भाषेंत सांगावयाचें तर नकलाकाराचें नांव राहिलें आणि ग्रंथकाराचें गेलें. शिल्पकाराचे श्रम आम्ही हलके लेखीत नाहीं. कागदावरील चित्र धातूंत उतरविणें ही स्वतंत्र विद्या आहे. म्हणूनच दोघांचींही अक्षरें हवींत.

इवल्याशा नाण्यावर इतकी जागा कोठून आणावी, असा आक्षेप घेतला जाईल. त्याचें उत्तर त्याच टांकसाळीनें पुढें दिलें आहे. गेटिसबर्गच्या २०११ च्या पाव डॉलरवर आराखडाकार जोएल इस्कोविट्झ व शिल्पकार फीबी हेम्फिल या दोघांचीं आद्याक्षरें सुखानें मावलीं आहेत.

आमच्याकडे पाहतां, १८३५ च्या चौथ्या विल्यमच्या रुपयावर मानेच्या कापापाशीं 'आर. एस.' किंवा 'एफ.' अक्षरें आढळतात. तीं कलावंतांचीं नसून कलकत्ता टांकसाळीचे अधिकारी रॉबर्ट साँडर्स व विल्यम नेर्न फोर्ब्स यांचीं होत. उलट १८४० च्या व्हिक्टोरिया-रुपयांवरील 'डब्ल्यू. डब्ल्यू.' हीं ठसेकार विल्यम वायन यांचीं. एकाच जागीं एकदां अधिकारी व एकदां कारागीर! संग्राहकानें अक्षर दिसतांच कर्ता ठरविण्याची घाई करूं नये, तें याचसाठीं.

स्वतंत्र भारताचें पहिलें स्मारक-नाणें १९६४ मध्यें नेहरूंच्या स्मरणार्थ निघालें. त्यानंतर १९६९ चीं गांधी-शताब्दीचीं नाणीं, १९९० चा डॉ. आंबेडकरांचा रुपया, १९९९ चें छत्रपति शिवाजी महाराजांचें दोन रुपयांचें नाणें, अशी मालिका वाढत गेली. यांवर मुंबई टांकसाळीची चौकट-खूण सांपडते, हैदराबादेचा तारा सांपडतो. कलावंताचें एकही अक्षर सांपडत नाहीं. टांकसाळ आपली सही करते, चित्रकारास करूं देत नाहीं, असा याचा अर्थ होतो. राजपत्रांतील अधिसूचनेंत धातु, आकार व आकृतीचें वर्णन असतें. तेथें एक ओळ वाढविण्यास कोणता खर्च येतो?

नाणें राज्याचें आहे, व्यक्तीचें नव्हे, हें आम्हांस मान्य आहे. देवालय देवाचें असूनही कांहीं जुन्या देवालयांच्या भिंतीवर सूत्रधाराचें नांव कोरलेलें आढळतें. त्यानें देवास उणेपणा आला नाहीं. आराखडाकार व शिल्पकार या दोघांचीं आद्याक्षरें नाण्यावर, आणि पूर्ण नांवें दप्तरांत, एवढीच आमची मागणी आहे. आजचें नाणें उद्यांचें साधन होणार. त्याची पुष्पिका आजच लिहिली पाहिजे.