‘एफसिंक’चे अभिवचन : डिस्कवरील लेखनाच्या हमीची चिकित्सा

प्रस्तावना

संगणकावर एखादी फाईल ‘सेव्ह’ केली की तिच्यातील मजकूर डिस्कवर उतरला, असे सर्वसाधारणपणे गृहीत धरले जाते. वस्तुस्थिती वेगळी आहे. प्रोग्रॅमने ‘राईट’ ही आज्ञा दिल्यावर ऑपरेटिंग सिस्टीम तो मजकूर मुख्य मेमरीतील कॅशमध्ये ठेवते व काम झाल्याचे कळवते. प्रत्यक्ष डिस्कवरील लेखन नंतर सवडीने होते. जुन्या युनिक्समध्ये असे साचलेले लेखन दर ३० सेकंदांनी डिस्ककडे धाडले जाई. लिनक्सच्या मूळ मांडणीतही बदललेला मजकूर ३० सेकंद जुना झाला की लेखनास पात्र ठरतो. मेमरीच्या तुलनेत डिस्क फार संथ असल्याने ही व्यवस्था आवश्यक आहे. परंतु या मधल्या काळात वीज गेल्यास ‘झाले’ म्हणून कळवलेले काम नाहीसे होते. हा धोका टाळण्यासाठी कॅशमधील मजकूर सक्तीने डिस्कवर उतरवणारी ‘एफसिंक’ ही आज्ञा १९८३ मध्ये ४.२ बीएसडी या युनिक्स आवृत्तीत आली. ही आज्ञा नेमके कशाचे अभिवचन देते, याची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

आज्ञा एक, अर्थ अनेक

युनिक्सवर्गीय सिस्टीममध्ये समानता राहावी यासाठी पॉझिक्स हे मानक तयार झाले. संपूर्ण सिस्टीमसाठी असलेली ‘सिंक’ ही आज्ञा लेखन पूर्ण होण्याआधीच परतली तरी या मानकाला चालते. लिनक्समध्ये मात्र ती लेखन पूर्ण होईपर्यंत थांबते. एफसिंकविषयीची भाषा अधिक कडक वाटते. तथापि, मानकाच्या २००८ च्या आवृत्तीतील विवरणात, काहीही न करणारी एफसिंकसुद्धा काही परिस्थितीत मान्य असल्याचे स्पष्ट म्हटले आहे. म्हणजेच हमीचा आशय प्रत्येक सिस्टीमवर सोपवला गेला.

त्याचे परिणाम मॅक ओएसमध्ये ठळकपणे दिसतात. तेथील एफसिंक मजकूर ड्राइव्हकडे पोहोचवते; पण ड्राइव्हच्या स्वतःच्या कॅशमधून तो कायमस्वरूपी माध्यमावर उतरल्याची खात्री करत नाही. त्यासाठी ‘फुलएफसिंक’ ही वेगळी सोय आहे. एसक्यूलाईट या डेटाबेसमध्ये ती वापरण्याचा पर्याय असला, तरी मूळ मांडणीत तो बंद असतो. लिनक्समधील एक्स्ट४ व एक्सएफएस या फाईल सिस्टीम सर्वसाधारण मांडणीत ड्राइव्हलाही कॅश रिकामी करण्यास सांगतात. विंडोजमधील ‘फ्लशफाईलबफर्स’ ही आज्ञा हेच काम करते. मात्र ड्राइव्हला जाणारी ही सूचना बंद करण्याची सोयही विंडोजच्या सेटिंगमध्ये आहे.

अपयशाची नोंद

लेखन फसल्यास काय होते, हा प्रश्न अधिक गंभीर आहे. २०१८ मध्ये पोस्टग्रेस डेटाबेसच्या विकासकांमध्ये यावर मोठी चर्चा झाली. लिनक्समध्ये डिस्कवरील लेखन अयशस्वी झाल्यावर कॅशमधील मजकूर ‘लिहिलेला’ म्हणून नोंदला जाऊ शकत होता. पहिली एफसिंक चूक कळवी. दुसरी मात्र यशस्वी ठरे, कारण लिहिण्यासारखे काही उरलेच नाही असे सिस्टीम समजे. पोस्टग्रेस पुन्हा प्रयत्न करून मिळालेल्या यशावर विसंबत असे. फ्रीबीएसडी मात्र असा मजकूर न लिहिलेलाच मानते. २०१९ च्या फेब्रुवारीत पोस्टग्रेसने धोरण बदलले : एफसिंक फसल्यास डेटाबेस तत्काळ थांबवायचा व पूर्वनोंदींच्या आधारे पुन्हा उभा करायचा. २०२० मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठातील संशोधकांनी रेडिस, एसक्यूलाईट, पोस्टग्रेस आदी पाच प्रणाली तपासल्या. त्यांपैकी एकीचीही उपाययोजना पुरेशी नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता.

दोष कोणाचा?

सगळा दोष प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांचा मानणे योग्य ठरणार नाही. २००८ मध्ये फायरफॉक्स ३ ने एफसिंकचा सढळ वापर केला, तेव्हा लिनक्सच्या एक्स्ट३ फाईल सिस्टीममध्ये एका फाईलसाठी इतरही साचलेले लेखन उतरवावे लागे आणि ब्राउझर अडखळे. साहजिकच ही आज्ञा टाळण्याकडे कल झाला. पुढच्याच वर्षी एक्स्ट४ मधील विलंबित जागावाटपामुळे, संगणक अचानक बंद पडल्यावर काही फाईली शून्य लांबीच्या आढळल्या. प्रोग्रॅमने एफसिंक वापरायला हवी होती, अशी एक्स्ट४ चे प्रमुख विकासक थिओडोर त्सो यांची भूमिका होती. मानकाच्या दृष्टीने ती बरोबर होती. परंतु ज्या वापराची शिक्षा आदल्या वर्षी मिळाली, त्याच्याच अभावाबद्दल आता दोष दिला जात होता. अखेर फाईलचे नाव बदलून जुनी फाईल पुसण्याच्या प्रचलित रीतीला लिनक्स २.६.३० मध्ये संरक्षण देण्यात आले. मानकापेक्षा वापरातील रूढी येथे प्रभावी ठरली.

निष्कर्ष

एफसिंकच्या अभिवचनात तीन वेगळे प्रश्न दडलेले आहेत : मजकूर ऑपरेटिंग सिस्टीमच्या कॅशमधून बाहेर पडला का, ड्राइव्हच्या कॅशमधून माध्यमावर उतरला का, आणि यात अपयश आल्यास ते विश्वासार्हपणे कळवले जाते का. या तिन्हींचे उत्तर सर्व सिस्टीममध्ये सारखे नाही. अध्यापनात मात्र ही आज्ञा एका ओळीत संपवली, तर विद्यार्थ्याच्या मनात एकसंध हमीची कल्पना रुजते. प्रात्यक्षिकात तात्पुरत्या फाईलमध्ये लेखन, एफसिंक, तिच्या उत्तराची तपासणी, नावबदल व शेवटी डिरेक्टरीची एफसिंक हा क्रम शिकवणे इष्ट ठरेल. निकाल, वेतन वा बँकेच्या नोंदी सांभाळणारे प्रोग्रॅम हेच विद्यार्थी पुढे लिहिणार असल्याने या क्रमाला केवळ तांत्रिक तपशील मानता येणार नाही.